अनारशाच्या साक्षीनं दिलेला कॅचर

साडूच्या टीमला नवे गणवेश आले तेव्हा मी त्याचं तोंडभरून अभिनंदन केलं, आणि घरी येऊन कपाट जरा जोरात लावलं. आतला आरसा तडकला. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता ह्याचाही दोष माझ्या बहिणीच्या नवऱ्यालाच देणार असाल!"

देणार होतोच.

मी राजेंद्र नगरच्या एका बेसबॉल क्लबाचा सेक्रेटरी. बेसबॉल म्हटलं की लोकांना परदेशातली झगमगती मैदानं आठवतात. आमचं मैदान एका शाळेचं आहे, त्याच्या एका टोकाला पाण्याची टाकी आणि दुसऱ्या टोकाला शाळेच्या शिपायाचं वाळत घातलेलं धुणं. तरी पण आमच्या इंदूरात सहा क्लब आहेत आणि थंडीत आमची लीग होते. तुकोगंजचा क्लब माझा साडू चालवतो. त्यांचा प्रायोजक एक दातांचा दवाखाना आहे, त्यामुळे त्यांची सगळी टीम हसतमुख असते. आमचे प्रायोजक एक टेंट हाऊसवाले. लग्नसराई असली की आमच्या प्रेक्षकांच्या खुर्च्यासुद्धा ते उचलून नेतात.

तुकोगंज दर वर्षी फायनलमध्ये असतं. आम्ही लागोपाठ दोन वर्षं सहावे आलो, आणि सहा टीममध्ये सहावं येणं ह्याला दुसरं गोंडस नाव नाही. लीगचा नियम असा की लागोपाठ तिसऱ्यांदा शेवटी आलात तर तुमची जागा जाते आणि महूचा किंवा देवासचा एखादा नवा क्लब आत येतो. म्हणजे पुढच्या थंडीत आम्ही पुन्हा तळाला गेलो असतो तर चोवीस वर्षांचा क्लब माझ्या हातून बुडाला असता, आणि साडूनं सांत्वनाला यायला नवा सदरा घातला असता.

उन्हाळ्यापासून गणपतीपर्यंत आमच्याकडे खेळाडूंची देवघेव चालते. गणपती बसायच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी याद्या द्यायच्या, कारण एकदा गणपती बसले की निम्मे खेळाडू मंडळांच्या मांडवात आणि उरलेले झांकीच्या चित्ररथामागे. खेळाडूला दुसऱ्या क्लबात जायचं असेल तर त्याच्या क्लबाच्या सेक्रेटरीनं एनओसीवर सही करायची, म्हणजे आमची हरकत नाही असा कागद द्यायचा. ज्याचा क्लबच नाही तो मोकळा, त्याला वाटेल तिथे जाता येतं. असा मोकळा खेळाडू चांगला निघाला की उपवर स्थळासारखी त्याची चौकशी सुरू होते. कुठे राहतो, घरी कोण कोण, व्यसन काय, डावखुरा का.

त्या उन्हाळ्यात असा एक पिचर मोकळा झाला. सव्वीस वर्षांचा, महूचा, आजोबा आणि वडील दोघं फौजेत होते, ह्याला इंदूरच्या एका सरकारी ऑफिसात नोकरी लागली होती. महूचा त्याचा क्लब बंद पडला होता. बॉल टाकणारा पिचर चांगला असला की समोरच्या टीमला काही करता येत नाही, आणि आमचा पिचर शेहेचाळीस वर्षांचा, बॉल टाकण्याआधी खांदा हलवून बघणारा. मला तो महूचा मुलगा हवाच होता. हवा सगळ्यांनाच होता. त्या दोन महिन्यांत त्याला एकूणएक क्लबांनी जेवू-खाऊ घातलं. मी ऐकलं की साडूनं त्याला मोठ्या हॉटेलात नेलं. मी लगेच बायकोला म्हटलं, "आपण घरी बोलवू. घरचं जेवण म्हणजे घरचं जेवण." ती म्हणाली, "म्हणजे रांधणार मी." तारीख ठरली ती मात्र तीन आठवड्यांनंतरची, कारण मुलाच्या डायरीत जेवणं आधीच भरलेली होती.

आणि मध्ये आला अधिक महिना.

अधिकात जावयांना सासरी धोंड्यांचं जेवण असतं. पुरणाचे धोंडे, वर तूप, आणि तबकात तेहतीस अनारसे नि एक पेटता दिवा. सासूबाईंना दोन मुली, म्हणून आम्ही दोन जावई, मी थोरला. सासूबाईंचा फ्लॅट तुकोगंजात, साडूच्या घरापासून चालत चार मिनिटांवर. ही गोष्टही मी कधी विसरलेलो नाही. शेजारी शेजारी पाट मांडले होते. सासूबाईंनी दोघांपुढे तबकं ठेवली आणि मी डोळ्यांनी अनारसे मोजायला लागलो. त्याचे तेहतीस, माझे बत्तीस.

"एक कमी आहे," मी बायकोच्या कानात म्हटलं.

"मघाशी स्वयंपाकघरात येऊन खाल्लात तो कोणाचा होता?" ती माझ्या कानात म्हणाली.

असो. जेवताना खेळाचा विषय निघाला. साडूचा आवाज मऊ आहे, तो कुणाशीही बोलताना माणसाला वाटतं की ह्याच्याइतकं आपलं भलं कुणी चिंतत नाही. ह्या एका कारणासाठी मी त्याला पंचवीस वर्षं ओळखून आहे.

"मग काय साडूभाऊ, ह्या वर्षी काय नवीन?" तो म्हणाला.

त्याच्या टीममध्ये एक उंच पोरगा होता. जिमचे दंड, कपाळावर पट्टी, बॅट फिरवली की बॉल सरळ शिपायाच्या धुण्यापलीकडे. त्याचे तीन होमरन माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. रात्री झोपताना एक, पहाटे एक, आणि एक ऑफिसात फाइल उघडताना.

"नवीन काय असणार?" मी म्हटलं. "तुमच्याकडेच सगळं आहे. तो होमरनवाला द्या की आम्हाला. तुम्हाला काय कमी!"

मी थट्टेत म्हटलं होतं, म्हणजे थट्टेत म्हटल्यासारखं म्हटलं होतं. साडूनं धोंडा फोडला, तूप आत जिरू दिलं आणि म्हणाला, "देऊ ना. बदल्यात तुमचा कॅचर द्या."

मला हसू आवरेना. आमचा कॅचर म्हणजे मल्हारगंजात शिलाई मशीन दुरुस्त करणारा चाळिशीचा माणूस. पिचर टाकतो तो बॉल बॅटवाल्याच्या मागे उकिडवं बसून झेलायचा, एवढंच त्याचं काम. अकरा वर्षं तो आमच्याकडे असाच बसला होता. तोंडावर जाळीचा मुखवटा, त्यामुळे आमच्या टीमच्या एकाही फोटोत त्याचा चेहरा धड दिसत नाही. त्याच्या बदल्यात होमरनवाला! मला वाटलं, साडूचं डोकं फिरलं.

"पण मी आधी त्या कॅचरना विचारतो," साडू म्हणाला. "उद्या-परवा सांगतो तुम्हाला."

मला संशय आला की हा मागे सरणार. "विचारायचं काय त्यात? माझा माणूस आहे. आत्ताच ठरवून टाकू, आईंच्या समोर!"

सासूबाईंना बेसबॉलमधलं एवढंच कळतं की त्यात कपडे मळतात. पण शब्द कळतो. त्या तूप वाढता वाढता थांबल्या. "ठरलं का दोघांचं? मग तोंड गोड करा. आणि एक सांगते हं जावईबापू, नंतर फिरवाफिरवी नको. माझ्या लेकींच्या घरात त्यावरून वाद व्हायला नकोत." आणि त्यांनी एक अनारसा मोडून अर्धा माझ्या तोंडात, अर्धा साडूच्या तोंडात घातला. माझा अर्धा मला छोटा वाटला, पण त्या दिवशी मी काही बोललो नाही. गाडीतून घरी येताना मी शीळ घालत होतो. बायको म्हणाली, "एवढे खूश कशानं? त्याचं काहीतरी उचलून आणलंत म्हणून ना?"

ठरलेल्या तारखेला महूचा पिचर जेवायला आला. आठ म्हटलं होतं, तो आठला पाच कमी असताना दारात होता. बायकोनं भरली वांगी, मसालेभात, श्रीखंड, सगळा थाट केला होता. मुलगा गुणी. दोन पोळ्यांनंतर म्हणाला, "काकू, बस हो अब. अजून एक खाल्ली तर उद्या रनिंग डबल करावं लागेल."

"अरे घे रे," मी म्हटलं. "तुकोगंजवाल्यांनी हॉटेलात काय घातलं असेल, पनीर?"

"पनीरच होतं सर." तो हसला. मग जरा पुढे सरकून म्हणाला, "सर, मी सीधी बात करतो. मला सहा जणांनी बोलावलंय. पण मी मनातून ठरवलंय, तुमच्याकडेच यायचं."

मी श्रीखंडाचं भांडं हातात घेऊन उभाच राहिलो. त्या एका क्षणात मी साडूचा चेहरा पाहिला, त्याचं हसतमुख दुखणं पाहिलं, फायनल पाहिली, सासूबाई मला आधी वाढताहेत असंही पाहिलं.

"का माहितीये का?" तो पुढे म्हणाला. "माझा एक बॉल आहे, तो बॅटजवळ आला की अचानक खाली पडतो. बॅटवाल्याला लागतच नाही. पण कॅचरलापण नाही सापडत. मागे निघून जातो आणि समोरचे धावून घेतात. म्हणून मी तो मॅचमध्ये टाकतच नाही, भीती वाटते. गेल्या वर्षी दोस्तीच्या मॅचमध्ये तुमचे ते कॅचर भिया होते ना, मल्हारगंजवाले? त्यांनी एकही मागे जाऊ दिला नाही. छातीवर घेतले, पण जाऊ नाही दिले. मी तेव्हाच ठरवलं, जिथे ते तिथे मी."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी श्रीखंडाकडे पाहिलं.

"ते... ह्या वर्षी तुकोगंजकडून..." मी म्हटलं.

मुलानं चमचा खाली ठेवला. "अच्छा," तो म्हणाला. "मग सर, मला जरा विचार करावा लागेल." आणि फौजी घरातला म्हणून ताटातलं सगळं श्रीखंड संपवून, काकूंच्या पाया पडून तो गेला.

दार लागल्याबरोबर मी होमरनवाल्याची चौकशी सुरू केली, निदान तो तरी सोन्याचा निघावा म्हणून. एका पंचाला फोन केला. पंच म्हणाला, "कौन, वो लंबा? साहेब, पूर्ण मोसमात तीन मारले त्यानं. तीनही तुमच्याविरुद्ध. बाकीच्यांसमोर तर बॅट हवेतच फिरवतो."

आता हे मला आधी का कळलं नाही? कारण तुकोगंजचे इतर सामने मी कधी पाहिलेच नव्हते. त्यांची जीत बघवत नाही म्हणून मी त्या दिवशी मुद्दाम भाजी आणायला जायचो.

बायकोनं ताटं उचलता उचलता माझं माप काढलं. "तुम्हाला त्याचं काही दिसलं की ते पाहिजेच. त्यानं स्वयंपाकघरात चिमणी बसवली, आपल्याकडे चिमणी. त्यानं पहाटे चालायला सुरुवात केली, तुम्ही बूट आणले. परवा तर हद्द केलीत. त्यानं गुडघ्याचा एक्स-रे काढला तर तुम्हीपण काढून आलात! त्याचा गुडघा दुखत होता हो!"

"माझापण दुखला असता पुढे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी साडूला फोन केला. आधी हवापाण्याचं बोललो. मग म्हटलं, तो होमरनवाला तुमचा घरचाच पोरगा, त्याला तोडणं बरं नाही वाटत, राहू द्या जसं आहे तसं.

"साडूभाऊ, तुमच्यासाठी काय पण," तो मऊ आवाजात म्हणाला. "पण मेन बात काय आहे, आईंनी अनारसा भरवलाय. मी फिरवला तर त्या माझ्याशी बोलायच्या नाहीत. तुम्ही थोरले, तुम्ही विचारून बघा ना त्यांना."

मी सासूबाईंना विचारलं नाही. धोंड्यांचं जेवण पुन्हा तीन वर्षांनी येतं, आणि तेव्हा त्या माझ्या तबकात काय ठेवतील ह्याचा भरवसा नव्हता.

पण एक गोष्ट माझ्या हातात होती. कॅचरच्या एनओसीवर माझी सही अजून व्हायची होती. शब्द दिला होता, कागद दिला नव्हता. याद्या द्यायला आठ दिवस उरले होते. मी सही केलीच नाही तर तो तुकोगंजला जाऊ शकत नव्हता. तो माझ्याकडे राहिला तर पिचर माझ्याकडे आला असता. क्लब वाचला असता. सासूबाई रुसल्या असत्या, पण रुसवे निघतात, लीगमधून गेलेली जागा परत मिळत नाही. एवढा साधा हिशेब मी दोन दिवस उलटसुलट केला आणि तिसऱ्या दिवशी एनओसीचा कोरा कागद, उगाच असावा म्हणून, खिशात घालून मल्हारगंजात गेलो.

खरं सांगतो, अकरा वर्षांत मी त्याच्या दुकानात पहिल्यांदाच जात होतो. एवढीशी गल्ली, दुचाक्यांची कोंडी, त्यात दोन दुकानांमध्ये घुसवल्यासारखं त्याचं दुकान. तो एका काळ्या मशीनचं चाक हळूहळू फिरवत कान लावून बसला होता. मला बघून गडबडला.

"अरे दादा! या ना, बसा. तो स्टूल हिलतो जरा, सम्हलके."

मी बसलो. स्टूल हललं. त्यानं चहा सांगितला. मी म्हटलं, "तू तुकोगंजला जातोयस."

"हो ना." त्यानं चाक फिरवायचं थांबवलं. "तुमचे साडू आले होते. त्या धोंड्यांच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी. इथेच बसले होते, तुम्ही बसलाय तिथेच. म्हणाले, तुमच्या दादांनी तर हो म्हटलंय, पण तुम्हाला यायचंय का? नसेल तर मी त्यांना काहीतरी कारण सांगतो, तुमचं नाव येऊ देत नाही."

"मग तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं दोन दिवस द्या." तो जरा लाजल्यासारखा हसला. "मला वाटलं, दादापण येतील विचारायला. म्हणजे आले असते तर मी कदाचित... पण असो. तुम्ही बिझी असता."

चहा आला. मी तो बशीत ओतून बराच वेळ फुंकत बसलो.

"दादा," तो म्हणाला, "राग नका मानू. अकरा वर्षं बसलोय मी खाली. बसायचं तर माझं कामच आहे. फक्त एकदा फायनलमध्ये बसायचंय. बायकोला, मुलीला बोलावीन म्हणतो बघायला. आतापर्यंत कधी बोलावलंच नाही." मग त्यानं हात पुसले. "पण कागद तुमच्या हातात आहे. तुम्ही नाही म्हटलं तर मी नाही जाणार. नियम आहे, आणि तसंपण तुमच्याशी भांडून मला नाही खेळता येणार."

मी त्याला पिचरबद्दल सांगू शकलो असतो. सांगायचं ठरवूनच आलो होतो. तू थांब, तो पोरगा तुझ्यासाठी येतोय, फायनल आपणच गाठू. पण तोंड उघडलं आणि डोळ्यांपुढे साडू आला, ह्याच हलत्या स्टुलावर बसलेला, चहा पीत, मऊ आवाजात विचारणारा. आयुष्यभर मी त्याच्या गणवेशांचा, चिमणीचा, तबकाचा हेवा केला. पण ह्या दुकानात तो माझ्याआधी येऊन बसला, हे इतकं झोंबलं की बाकीचं सगळं त्यापुढे फिकं पडलं. तो यायला पाहिजे होता असं काहीच नव्हतं. मी यायला पाहिजे होतं.

मी खिशातून कागद काढला. त्याच्या मशीनच्या लाकडी फळीवर ठेवून त्याचं नाव लिहिलं आणि खाली सही केली. तेलाचा एक डाग पडला. तो म्हणाला, "पुसतो," मी म्हटलं, "राहू दे."

"आणि तो महूचा पिचर आहे ना," मी उठता उठता म्हटलं, "तोपण तिकडेच येईल बहुतेक. त्याचा खाली पडणारा बॉल आहे. तुझ्यासाठीच येतोय तो."

त्याचा चेहरा असा उजळला की मला त्याचाही हेवा वाटला. आता हे माझं असंच आहे, काय करणार.

गणपती उठल्यावर आमचा सराव सुरू झाला. पिचर अर्थातच तुकोगंजला गेला होता. आमच्याकडे शेहेचाळीस वर्षांचा पिचर होता, बॅट घेऊन उभा असलेला नवा होमरनवाला होता, आणि मागे बसायला कुणीही नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघत होते. मग मी शर्टाची बटणं लावली आणि म्हटलं, "आणा तो मुखवटा."

"अंकल, तुम्ही?" होमरनवाला म्हणाला.

"मग कोण, तुझा दातांचा डॉक्टर?"

मुखवट्याचा पट्टा जुन्या कॅचरच्या डोक्याच्या मापाचा होता, माझ्या कानाला रुतला. आतून सगळं मैदान चौकटी-चौकटींचं दिसलं. मी खाली बसलो तेव्हा दोन्ही गुडघ्यांनी वेगवेगळे आवाज काढले. पहिला बॉल आला, होमरनवाल्यानं बॅट हवेत फिरवली, बॉल माझ्या बगलेखालून मागे टाकीपर्यंत गेला. मी उठून धावत जाऊन आणला. दुसराही तसाच. तिसऱ्याला मी हात लावायचा नाद सोडला आणि छाती मध्ये घातली. बॉल बरगडीवर आपटला आणि पुढ्यात मातीत पडून राहिला. मागे नाही गेला. मिनिटभर मला श्वास घेता येईना.

होमरनवाला वाकून बघत होता. "अंकल, उठवू का?"

"नको," मी म्हटलं. "एकदा उठलो तर पुन्हा बसायचा नाही मी. त्याला सांग, टाक अजून एक."